पाठीमागचा बांध

चैत्राली जेवायला गेली ती खेळ चालूच ठेवून. उपेंद्र आपला डबा धुऊन परत येत होता, डब्यातून पाणी ठिबकत होतं, आणि तिच्या टेबलाशी तो उगाच थांबला. पडद्यावर त्याचंच खाचर होतं. भाताचं, घोटाभर पाण्याचं, कडेला उंबर. खाचरात पावसासाठी डोक्यावरून पाठीवर पानांचं इरलं घेतलेला एक माणूस हातात रोपांची मूठ धरून उभा होता आणि कोणी काही करायला सांगत नाही म्हणून नुसता श्वास घेत होता. खांदे वर, खांदे खाली. हा श्वास उपेंद्रनेच त्याला दिलेला, वर्षापूर्वी एका रविवारी, शेफाली माहेरच्या लग्नाला गेली होती तेव्हा. आपण केलेला माणूस आपल्यामागेही श्वास घेतो आहे हे पाहून बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तो अस्वस्थ झाला. कुलूप लावून रस्त्याला लागल्यावर गॅस बंद केला की नाही हे आठवेनासं झालं की होतो, तसा. त्या चित्रात काहीतरी चुकलं होतं. काय चुकलं होतं ते कळेना, आणि चुकलं होतं एवढं मात्र पक्कं कळत होतं. तो तिथे इतका वेळ उभा राहिला की डब्याचं पाणी फरशीवर सांडून त्याचे मोजे ओले झाले.

चैत्राली परत आली. ती चोवीस वर्षांची, नाशिककडची. खेळ मोडेपर्यंत खेळून बघणं ही तिची नोकरी. उपेंद्रचा हा खेळ कंपनीचा नव्हता, त्याचा घरचा होता, आणि त्याने तो तिला भीड घालून तपासायला दिला होता.

"सर, तुमचं ते मी बंद नाही केलं," ती म्हणाली. "पण पुढे न्यावंसंही वाटेना."

"कंटाळा आला ना?"

"कंटाळा तर माझी नोकरीच आहे. तसं नाही. पाऊल पुढे टाकलं ना, की कसंतरीच होतं. नको वाटतं. मी सगळं तपासलं, बिघाड कुठेच नाही."

"कसंतरी म्हणजे?"

"ते शब्दांत मांडता येईना, म्हणून तर नोंदलं नाही." मग तिला त्याच्या चेहऱ्याची दया आली असावी. "आणि आमच्याकडे द्राक्षं हो सर. भात मी फक्त ताटात बघितलाय."

उपेंद्र सत्तेचाळीस वर्षांचा होता. त्यातली सतरा वर्षं बाणेरच्या या तिसऱ्या मजल्यावर गेली होती. कंपनीच्या खेळात तीन सारख्या करंज्या एका ओळीत आल्या की फुटत, तीन सारखे लाडू आले की फुटत, आणि फुटताना वरून सोन्याची नाणी पडत. त्या नाण्यांची चमक उपेंद्र करायचा. माणसाचा अंगठा थांबता कामा नये, एवढंच तिथलं शास्त्र, आणि त्या शास्त्रात तो पारंगत होता. भोरला कोणी विचारलं, काय करतोस, तर तो 'कॉम्प्युटरमध्ये आहे' म्हणायचा आणि विचारणारा समाधानाने मान हलवायचा. थकवा आला होता, पण तो कामाचा नव्हता. कामाने माणूस दमतो, जेवतो, झोपतो. याचा थकवा झोपून उठल्यावर जास्त जाणवायचा. दात घासताना आरशात बघावं आणि वाटावं, कालचंच तोंड पुन्हा घालून जायचं आहे. असल्या माणसाने घरी आल्यावर पुन्हा पडद्यापुढे बसून स्वतःचा खेळ करायला घेणं म्हणजे हलवायाने घरी येऊन जिलब्या तळण्यातला प्रकार. शेफाली हे त्याला दोनदा म्हणाली होती आणि तिचं काही चुकीचं नव्हतं.

पण दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी तो ते खाचर करायला बसला. खेळाचं नाव 'आवणी'. वेल्ह्याकडे भाताची रोपं उपटून पाणी भरल्या खाचरात एकेक करून लावतात, तिला आवणी म्हणतात. खेळात तेवढंच होतं. बटण दाबलं की माणूस वाकून रोप लावी, मग पाऊल टाकी, पुन्हा वाकी. गुण नाहीत, घड्याळ नाही, शत्रू नाही, जिंकणं तर नाहीच. चाळीस मिनिटांत खाचर हिरवं होई आणि खेळ संपे. ज्यांना ज्यांना त्याने दाखवला ते विचारत, मग पुढे काय? पुढे काही नव्हतं. चित्र माणूस लांबून बघतो. गोष्ट कोणीतरी सांगतं आणि आपण ऐकतो. इथे मात्र दुसऱ्याचा हात आपल्या आठवणीत घालता येतो, त्याला वाकवता येतं, त्याच्याकडून एखादी गोष्ट हजार वेळा करून घेता येते. बघणाऱ्याची कंबर थोडी तरी दुखली पाहिजे, एवढीच कलेची व्याख्या उपेंद्रकडे उरली होती आणि ती त्याने कोणाला सांगितलीही नव्हती. रोपांवर तर त्याने तीन आठवडे घालवले होते. माणूस त्यांच्यामधून पुढे गेला की ती त्याच्या पायाशी वाकत आणि तो गेला की हळूच पुन्हा उभी राहत. त्या उभं राहण्यावर तो स्वतःच खूष होता. पुण्यातल्या एका कलादालनात 'खेळ हीसुद्धा कला' अशा काहीशा नावाचं प्रदर्शन भरणार होतं. आठ खेळ निवडले होते, त्यांत 'आवणी' होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं नाव त्याच्या कामाखाली लागणार होतं. शेवटची प्रत सोमवारी संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि आज बुधवार होता, आणि चित्रात काहीतरी चुकलं होतं.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार त्याने ते शोधलं. आभाळाचा रंग तपासला, पाण्यावरच्या लाटा तपासल्या, बेडकांचे आवाज आधी कमी केले, मग वाढवले. शेफाली कुशीवर वळून म्हणाली, "अहो, कुणाला कळणार आहे?" हेच तर दुखणं होतं. कोणालाच कळणार नव्हतं, मग हे ठुसठुसतं का? तो डोळे मिटून मनाने लहानपणच्या बांधावर जाऊन बसायचा. आई, कुंदा, तेव्हा पासलीच्या उपकेंद्रात नर्स होती. लशींची पेटी खांद्याला अडकवून वाड्यावाड्यांनी फिरायची, आणि तो, पाच वर्षांचा, दिवसभर धोंडाबाईकडे. धोंडाबाई शेजारची, तिला तेव्हा मूल नव्हतं. नऊ वर्षांचा होईपर्यंत तो तिच्याच हातचं जेवला, तिच्याच पदराने तोंड पुसलं. आवणीच्या दिवसांत ती त्याला उंबराखालच्या दगडावर बसवून खाली उतरायची. खाचर लांबच लांब. पलीकडच्या टोकाला बायका वाकलेल्या, सगळ्या सारख्या, नुसती इरली. मग त्यातलं एक इरलं त्याच्याकडे यायला लागायचं. हळूहळू मोठं व्हायचं. त्याला एकटं वाटायचं, भूक लागायची, पण इरलं मोठं होत असायचं आणि तेवढ्यावर तो दम धरायचा. शेवटी ते अगदी बांधाशी यायचं, धोंडाबाई कमरेवर हात ठेवून सरळ व्हायची, आणि तिचं पावसाने धुतलेलं तोंड त्याच्या तोंडासमोर. त्या येण्यावर त्याने सबंध खेळ उभा केला होता. कोणीतरी पावलापावलाने, एकेक रोप लावत आपल्याकडे येत आहे, याहून मोठं सुख त्याला पुढे कुठे भेटलं नव्हतं, लग्नात नाही आणि नोकरीत तर नाहीच.

तिथून निघाल्याची आठवण मात्र त्याने खेळात घेतली नव्हती. आईची बदली भोरला झाली. सकाळची एसटी. उपेंद्रला ड्रायव्हरच्या शेजारची जागा मिळाली होती आणि समोर भली मोठी काच होती. नऊ वर्षांच्या पोराला आणखी काय हवं? आई म्हणाली, "मागे बघ रे, मावशी उभी आहे." त्याने बघितलं नाही. रस्ता पुढून येत होता, वळणं येत होती, म्हशी आडव्या येत होत्या. मार्गासनीपर्यंत त्याला धोंडाबाईची आठवणही झाली नाही, आणि ती झाली नाही याची आठवण मात्र पुढची अडतीस वर्षं होत राहिली. मधे तो तीनदा जाऊन आला. शेवटचं जाऊन अकरा वर्षं झाली होती. चार महिन्यांपूर्वी तिच्या मुलाचा, गोरखचा फोन आला होता. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, आता खाटेवरच असती, तुमचं नाव काढती. उपेंद्र 'येतो, येतो' म्हणाला आणि नाण्यांची चमक करत राहिला. शनिवारी सकाळी तो उठला आणि लॅपटॉप पिशवीत घातला. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या, आणि त्या एकच होत्या: काय चुकलं ते तिने सांगावं, आणि 'हे आपलंच खाचर' असं तिने म्हणावं. निवडणाऱ्यांनी निवडलं होतं खरं, पण त्यांच्यातल्या कोणी ते खाचर पाहिलं होतं?

नसरापूरपासून पुढे गाडी चालवताना त्याला सारख्या जांभया येत होत्या. पौषातलं ऊन, कापून झालेली भातं, खाचरांत उभे राहिलेले धसकटांचे खुंट. वेल्ह्याला तोरण्यावर चढायला निघालेली पोरंपोरी पाठीवर पिशव्या घेऊन चहा पीत होती. त्यांच्याकडे बघूनच त्याचे गुडघे दुखले. पासलीत गोरखच्या घराकडे जाणारी बोळ एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दगडी गडगा, अशी होती. गाडी आत जाई, पण वळवायला जागा नाही. गोरख वेल्ह्याला टेम्पो चालवतो, त्याला या गोष्टींची सवय. तो समोरून हातवारे करत म्हणाला, "घाला घाला, दादा, पार वसरीपतुर घाला. निघताना म्या मागं उभा ऱ्हातो आन् काढून देतो."

धोंडाबाई ओसरीवरच्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. एवढीशी झाली होती. कमरेपर्यंत गोधडी, आणि गोधडीवर ठेवलेले दोन हात. बोटं वाकडी, नखं अजून मातीच्या रंगाची.

"उपा व्हय रं?" ती म्हणाली. "आलास. लई वाळलास."

"वाळलो कुठं, मावशी? पोट बघ माझं."

"पोटाचं न्हाई म्हनत. तोंड वाळलंय तुजं."

त्याला एकदम हुंदका आला आणि तो त्याने पिशवीची चेन उघडण्यात लपवला. सबंध पुण्यात हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. खरं म्हणजे त्याच्याही नव्हतं.

चहा झाला. आईची आठवण निघाली; धोंडाबाईने 'नर्सबाई' म्हणून डोळ्यांना पदर लावला. मग गोरखच्या टीव्हीचं तोंड ओसरीकडे फिरवून उपेंद्रने वायर जोडली. हातात धरायचं यंत्र त्याने तिच्या हातांत दिलं, तिच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून कुठे दाबायचं ते दाखवलं. तिचा अंगठा कोरडा आणि खरखरीत होता, अगदी होता तसाच. पडद्यावर उजाडलं.

"आगं बाई!" धोंडाबाई उशीवरून पुढे सरकली. "ह्यो उंबर! गोरख्या, बघ रं, आपला उंबर. आन् त्यो दगूड. आन् वरच्या खाचरातनं पानी पडायची मोरी बी काडलीया. आरं, ह्ये आपलंच खाचर की!"

उपेंद्रने हे शब्द ऐकण्यासाठी दोन वर्षं काम केलं होतं. ते ऐकले आणि त्याचे डोळे भरून आले, त्याने ते पुसलेही नाहीत. संपलं, त्याला वाटलं, आता सोमवारी पाठवून देऊ आणि दोन दिवस नुसतं झोपू. धोंडाबाईने बटण दाबलं. माणूस वाकला, रोप लागलं. ती पोरीसारखी हसली. पुन्हा दाबलं. "ह्यो गडी तर दमतच न्हाई," ती म्हणाली, आणि मग तिला जमायलाच लागलं. रोप, पाऊल, रोप, पाऊल. सहा झाली, सात झाली. आठव्याला तिचा अंगठा थांबला. ती डोळे बारीक करून बघत राहिली. मग तिने ते यंत्र गोधडीवर ठेवलं आणि ठेवलेल्या हातावर दुसरा हात ठेवला.

"काय झालं, मावशी?"

"ह्यो तुडवतोय, उपा."

"कोण?"

"कोन काय? म्याच की. माज्याच हातानं लावलं आन् माज्याच पायानं तुडवलं."

"तुडवत नाही गं. बघ ना, तो गेला की रोपं पुन्हा उभी राहतात." त्याने घाईघाईने दोन पावलं टाकून दाखवली. रोपं वाकली आणि हळूच उभी राहिली. तीन आठवड्यांचं काम होतं ते.

धोंडाबाई त्याच्याकडे बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता. शाळेत जाणाऱ्या पोराने सदऱ्याची बटणं खालीवर लावली की बघावं, तशी ती बघत होती. "चिकलात लावल्यालं रोप तुडवलं का उठत न्हाई रं," ती म्हणाली. "तुला कुनी सांगितलं उठतं म्हनून?"

दाराशी उभा असलेला गोरख हसला. "दादा, आवनी मागं मागं सरत करत्यात. लावायचं आन् मागं सरायचं. पुढं चालत कोन करतंय?"

उपेंद्रला ते कळलं, आणि तरी कळून घ्यायचं नव्हतं. "पण मावशी, तू माझ्याकडे यायचीस," तो म्हणाला. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पण आवाज तक्रारीचा निघाला. "मी त्या दगडावर बसलेलो असायचो आणि तू तिकडून माझ्याकडे यायचीस. मी बघितलंय."

"व्हय, तुज्याकडंच याचे. पाठ करून."

ती गोधडीवर वाकली. तिची वाकडी बोटं लांबवर, पायांच्या बाजूला टेकली आणि रोप लावू लागली. एक, त्याच्या अलीकडे दुसरं, त्याच्या अलीकडे तिसरं. बोटं आपल्याच पोटाकडे येत होती. लावलेलं सगळं तिच्या नजरेसमोर राहत होतं आणि हात मागे सरत होता. आपल्याकडे मोठं होत येणारं ते इरलं उपेंद्रने अडतीस वर्षं जपलं होतं. ते तोंड आहे असं समजून जपलं होतं. ती पाठ होती. इरल्यात दुसरं दिसणार तरी काय होतं? तोंड शेवटी बांधाशी, सरळ होऊन मागे वळल्यावर. मधलं सगळं त्याने मनाने घातलं होतं, आणि चैत्रालीच्या अंगठ्याने, जिने भात फक्त ताटात पाहिला होता, ते बरोबर ओळखलं होतं. नुसतं चित्र काढलं असतं तर हे खपून गेलं असतं. पण त्याने माणसाच्या हातात पाय दिले होते. ज्याच्या हातात ते जातील त्याला आपण काहीतरी तुडवतो आहोत हे समजणारच. दुसऱ्याची कंबर दुखवायला निघाला होता, आणि दुखवलं काय तर म्हातारीचा हात.

"मागे दिसायचं नाही ना पण?" त्याने विचारलं. "बांध आला हे कसं कळायचं?"

धोंडाबाईला या प्रश्नाचं नवल वाटलं. "आरं, तू व्हतास की. तुला बसवायचे कशाला तितं? तू पाढं म्हनायचास. बेचा पाढा. आवाज लांबनं आला का म्हनायचं अजून खाचर हाय. जवळ आला का कंबार सरळ करायची. बायका चेष्टा करायच्या माजी. म्हनायच्या, धोंडे, तुजा बांध बोलतोय बघ." ती हसली आणि मग हसायची थांबली. "तू गेलास त्या साली दोन डाव पाय थटून पडले म्या. सवय झाली व्हती ना."

 एसटीच्या पुढच्या काचेतून रस्ता येत होता, वळणं येत होती, आणि त्याच पावसाळ्यात इथे एक बाई मागे सरता सरता बांधाला अडखळून चिखलात बसली होती. दोनदा. कोणी सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि कशाला?

आता 'आवणी' उलटी करायची म्हणजे नुसता माणूस उलटा फिरवून भागणार नव्हतं. बघण्याची दिशा, वाकणं, पाण्यातली पावलं, सगळं नव्याने. तीन महिने तरी. आणि मागून येणारा आवाज, जो त्याने घातलाच नव्हता, कारण जो पाढे म्हणत होता तो स्वतः होता आणि स्वतःचा आवाज कोण लक्षात ठेवतो? सोमवारी हे होणं शक्य नव्हतं. किंवा दुसरं शक्य होतं: आहे तसं द्यायचं. प्रदर्शनाला पाचशे माणसं येतील, त्यांत आवणी केलेलं एक नसेल. चैत्रालीसारख्या दोघीचौघींना कसंतरी होईल आणि त्या गप्प बसतील. त्याचं नाव लागेल. कितीतरी वर्षांत त्याला कशाची एवढी हाव वाटली नव्हती, आणि ती वाटते आहे याचाच त्याला थकवा आला.

"रेंज कुठं येते रे?" त्याने गोरखला विचारलं.

"उंबराखाली एक काडी येती. दगडावर हुबं ऱ्हायचं."

खाचर घरामागेच होतं. गेली सहा वर्षं पडीक. आवणीला माणसंच मिळत नाहीत, गोरख म्हणाला होता. कंबरभर वाळकं गवत उभं होतं. त्याने दोन वर्षं केसाकेसाने केलेला उंबर इथे बराच पुढे वाकला होता, मोरी बुजली होती. दगड मात्र तोच. उपेंद्र त्यावर उभा राहिला आणि प्रदर्शनाच्या विराजला फोन लावला. विराज हुशार, तिशीतला, फार गोड बोलणारा.

"काम चुकलंय," उपेंद्र म्हणाला. "सोमवारी देता येणार नाही."

"सर, चुकलंय काय पण? आम्हाला तर किती शांत वाटलं ते."

"माणूस रोपं तुडवत जातोय. आवणी मागे सरत करतात."

विराजचा आवाज एकदम उजळला. "मग तर उत्तमच की, सर. आपण पत्रकात तसं लिहू. प्रगती करणारा माणूस स्वतःचंच पेरलेलं तुडवतो वगैरे. फार छान रूपक होईल."

उपेंद्रला हसू आलं. वाईट म्हणजे ते खोटंही नव्हतं. "नको," तो म्हणाला. "ती चूक आहे. रूपक नाही."

"तुमची जागा मग दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. आणि पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही."

"द्या," उपेंद्र म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं होतं तसं मोकळं वाटलं नाही.  आणखी तीन महिने, पुन्हा पडदा, पुन्हा रात्रीची शेफालीची पाठ, आणि शेवटी ते कोण बघणार हेही ठाऊक नाही. तो खाचरात उतरला. घराकडे तोंड करून, गवत बाजूला करत दहावीस पावलं आत गेला, मग तसाच मागे सरू लागला. समोर आत्ताच चालून आलेली वाट दिसत होती, दबलेलं गवत दिसत होतं. मागे काय आहे ते कळेना. पाठीला सारखी भीती वाटत होती. तोंडाला कधी वाटली नव्हती अशी. किती राहिलं, किती राहिलं, असं मनात चाललं असतानाच टाच बांधाला थटली आणि तो गवतात मट्टकन खाली बसला. कोणी हसलं नाही, कारण कोणी नव्हतं.

परत येऊन तो खाटेजवळ बसला. "मावशी, तो पाढा मी कसा म्हणायचो?"

"मला कुठं पाढं येत्यात रं?"

"मी म्हणायचो तसा."

त्याने मोबाईल गोधडीवर ठेवला आणि आवाज टिपायला लावला. धोंडाबाईने डोळे मिटले. मग बारीक, वरच्या पट्टीत, पाच वर्षांच्या पोराचा हेल काढून ती म्हणू लागली, "बे एके बे. बे दुने चार. बे तिरीक सा. बे चोक आट." दाराशी गोरख चहाच्या कपबशा हातात घेऊन थांबला. "बे पंचे धा. बे सक बारा." ती गप्प झाली.

"पुढं?"

"म्होरं तू गेलाच न्हाईस पयल्या साली. बाराला अडायचास आन् परत बे एके बे. म्या आर्धं खाचर तुज्या बारावर लावलंय."

"मी हे दुरुस्त करून आणतो," तो म्हणाला. "आषाढापर्यंत. तुला दाखवायला आणतो."

"आन," धोंडाबाई म्हणाली. "म्या असले तर बघीन. नसले तर गोरख्या बघंल. पर तुडवू नगंस."

उन्हं कलली तेव्हा तो निघाला. गाडी ओसरीसमोर तोंड करून उभी होती. गोरख मागे बोळीत जाऊन उभा राहिला आणि त्याने गाडीच्या पाठीवर थाप मारली. उपेंद्रने मागचा गिअर टाकल्याबरोबर समोरच्या छोट्या पडद्यावर मागची बोळ उमटली, हिरव्या-पिवळ्या रेघांसकट, कुठे किती जागा आहे ते दाखवत. त्याने तो पडदा बंद केला. मागे आरशातही बघितलं नाही.

"येऊ द्या," मागून गोरखचा आवाज आला. "येऊ द्या. सरळ येऊ द्या."

गाडी मागे सरू लागली. समोरच्या काचेत ओसरी होती, खाट होती, खाटेवर धोंडाबाई होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती. एकेक हात भिंत मधे येत गेली, गडग्याचे दगड येत गेले, तोंड लहान होत गेलं, पण ते समोरच राहिलं. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते ऐकू आलं नाही. उपेंद्र रडत होता आणि त्याने स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

"येऊ द्या, दादा. अजून लई जागा हाय. येऊ द्या."

तो येऊ देत राहिला, गोरखचा आवाज अगदी पाठीशी येऊन 'बास' म्हणेपर्यंत.